राधाचा घसा बसला त्या दिवशी

राधा वाफ्यात उतरली की तिचं तोंड सुरू व्हायचं, ते ऊन डोक्यावर आलं तरी मिटायचं नाही. बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईत इसिडोरशेटची भाजीची वाडी. तिथे दिवाळी झाली की मोखाड्याच्या पाड्यावरून राधा आणि तिचा नवरा दशरथ कामाला यायचे आणि होळीला घरी परतायचे. किती वर्षं झाली असतील, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. विहिरीच्या बाजूला त्यांची झावळ्यांची खोपटी होती, दारात राधाने लावलेली तुळस होती आणि दिवसभर राधाची बडबड होती.

"अरे म्हाताऱ्या, तिकडं कुठं चाललास? बोटभर अलीकडं ये. आणखी ये. हां, तो उपट. त्याच्या शेजारच्याला हात नको लावू, तुझ्या सासऱ्यानं लावलाय तो!"

"सासरा कधीच वर गेला माझा," दशरथ हसून म्हणायचा आणि बरोबर तेवढाच लव्हाळा उपटायचा.

शेटची बायको नॅन्सीबाय पडवीत भाजी निवडता निवडता हाक मारायची, "राधे, नवऱ्याला जरा श्वास घेऊ दे गं! देवानं त्याला कान दिलेत म्हणून काय विकत घेतलेस?"

सगळे हसायचे. राधाही हसायची. आत मात्र तिचा जीव मुठीत असायचा.

दशरथला दिसत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांपुढे धुकं आलं आणि ते दाट होत गेलं. यंदा तर उजेड आहे की अंधार, एवढंच काय ते कळायचं. पायाखालची वाट पायांना पाठ होती, विहीर आवाजावरून सापडायची. पण कांद्याचं कोवळं रोप आणि त्यात माजलेलं लव्हाळ्याचं गवत दोन्ही सारखंच हिरवं, सारखंच बारीक. आणि जन्मभर राबलेल्या त्याच्या घट्टे पडलेल्या बोटांना त्यातला फरक कळत नव्हता. म्हणून राधा त्याचे डोळे झाली होती आणि लोकांना ते कळू नये म्हणून कजाग झाली होती.

लपवायचं कारणही तसंच होतं. शेजारच्या वाडीतल्या एका गड्याची गेल्या साली कंबर गेली. यंदा दिवाळीनंतर कामाचा फोन आला तो त्याच्या बायकोला एकटीलाच. ती आली, तो तिकडे पाड्यावर. आपलंही तसंच झालं तर? राधा इथे आणि दशरथ तिकडे एकटा. उंबरा कुठे, चूल कुठे, हे त्याला कोण सांगणार? देवापुढे हात जोडताना तिचं मागणं एकच असे, आम्हाला एकत्र ठेव.

पौषातल्या थंडीत एके सकाळी राधा उठली तर घशातून आवाजच निघेना. आलं चघळलं, मिठाच्या गुळण्या केल्या, पण नुसती हवा बाहेर यायची. वाफ्यात ती दशरथला चिकटून बसली आणि त्याचं मनगट धरून एकेक लव्हाळा दाखवू लागली. तेवढ्यात नॅन्सीबायची हाक आली, "राधे, चल गं, मेथीच्या जुड्या जेट्टीवर न्यायच्यात, बोट सुटेल!"

राधाने दशरथचे दोन्ही खांदे दाबले. तू बस, मी येईपर्यंत काही करू नकोस, असं तिला सांगायचं होतं. दशरथला वाटलं, रिकामा बसलेला दिसू नकोस, लाग कामाला म्हणतेय.

आणि तो लागला.

राधा परतली तेव्हा अर्धा वाफा मोकळा झाला होता. बांधावर कांद्याच्या रोपांचा नीट रचलेला ढीग होता आणि वाफ्यात लव्हाळा मात्र जागोजाग ऐटीत डोलत होता. इसिडोरशेट कमरेवर हात ठेवून उभा होता.

"सकाळी सकाळी टाकलीस काय रे? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

दशरथ उभा राहिला. शेटच्या आवाजावरूनच काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं. मग मान खाली घालून म्हणाला, "हां शेट. जरा जास्त झाली. चुकी झाली."

ज्या माणसाने लग्नातसुद्धा ताडी तोंडाला लावली नाही, तो चारचौघांत स्वतःला दारुडा म्हणवून घेत होता. दारुड्याला चार शिव्या घालून पुन्हा बोलावतात, आंधळ्याला कोण बोलावतं? गप्प राहिलं तर निभावून जाईल, हे राधालाही कळत होतं. पण त्याची खाली गेलेली मान तिला बघवेना.

तिने नॅन्सीबायचा हात धरून तिला पुढे ओढलं आणि दशरथच्या डोळ्यांसमोरून आपला पंजा फिरवला. एकदा, परत एकदा. दशरथची पापणी हलली नाही.

"येशू!" नॅन्सीबायने छातीवर हात ठेवला. "म्हणजे ती तुझी बडबड..."

राधाने मान डोलावली आणि खाली बसून उपटलेली रोपं पुन्हा लावायला घेतली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात थांबत नव्हते.

"कधीपासून?" इसिडोरशेटने विचारलं. राधाने दोन बोटं दाखवली.

"दोन वर्षं? गेल्या साली या वाफ्यात गवताची काडी नव्हती. मी गावभर सांगत फिरलो, निंदणी बघायची तर माझ्या वाडीत या!" तो रागावला होता की हसत होता, कळेना. मग धोतरासारखी लुंगी वर खोचून तोही राधासमोर वाफ्यात बसला. "बघतेस काय, नॅन्सी? रोपं सुकतील. ये."

तिघांनी मिळून वाफा पुन्हा लावला. मग दशरथने झारीने पाणी घातलं. राधा त्याचा दंड धरून त्याला चालवत होती.

दुसऱ्या दिवशी नॅन्सीबाय दोघांना घेऊन बोरिवलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाली. इसिडोरशेट जेट्टीपर्यंत आला. दशरथचा पाय बोटीत नीट पडेपर्यंत त्याने त्याचा हात सोडला नाही.

"मोतीबिंदू असेल, निघेल. नाही निघाला तर सावलीत बसून जुड्या बांध. पण दिवाळीनंतर दोघांनी यायचं. आणि राधे, एकटी आलीस ना, तर याच बोटीनं परत पाठवीन तुला."

बोट सुटली. राधाला काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले, आवाज आला नाही. तिने दशरथच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला.

"ऐकलं मी," दशरथ म्हणाला. "दोघं म्हणाला तो."