उभे प्रवासी आणि इसबगोल

रविवारची दुपार. मी ओट्याखाली फरशीवर आडवा आहे, एक डोळा पातेल्यावर. पातेल्यात ज्वारी-तांदळाचं पीठ यीस्ट घालून फुगायला ठेवलंय. ते फुगत नाही. माझा डोळा मात्र मिटतो.

प्रकरण गंभीर आहे. माझ्या धाकट्या बहिणीला, शर्वरीला, गहू चालत नाही. वर्षभर ती पावभाजीतली भाजी चमच्याने खाते आणि "मला भूकच नव्हती" म्हणते. तिच्यासाठी मी दोनदा बिनगव्हाचे पाव केले. पहिला कुत्र्याने हुंगला आणि अंगणात पुरला. दुसऱ्याने अजून बाल्कनीचं दार अडवून धरलंय. "दादा, आज शेवटचं हं," ती सकाळी म्हणाली. "मला सवय झालीय आता."

ते 'सवय झालीय' मला पचलेलं नाही.

"पुढं सरका, पुढं सरका!"

पातेल्यामागून दिनकरकाका येतात. खाकी कपडे, काखेत तिकिटांची पेटी. काका एसटीत कंडक्टर होते. तीन वर्षांपूर्वी वारले. तब्येत बरी दिसतेय.

"काका, तुम्ही?"

"ड्युटीवर आहे. पीठ का बसलंय?"

"उठतच नाही."

स्वयंपाकघर आता कोल्हापूर-गारगोटी गाडी आहे. पिठाचे गोळे दाटीवाटीने उभे आहेत. ड्रायव्हर ब्रेक मारतो. सगळे एकमेकांवर पडून चपटे होतात.

"बघितलंस? गव्हातला चिकटपणा म्हणजे वरची दांडी. तुझ्या गाडीत दांडीच नाही लेका. उभ्या माणसानं धरायचं कशाला?"

काका खिशातून इसबगोलाची पुडी काढतात. हयातभर त्यांनी ते रोज घेतलं. आमच्या घरी काकांच्या पोटाची बातमी हवामानाच्या आधी यायची.

"पोटासाठी?"

"पावासाठी. मी ढवळलं की लगेच प्यायचो, घशात फुगायला नको. तू थांब. पाण्यात घट्ट होऊ दे, मग पिठात मळ."

"हे तुम्हाला कसं सुचलं?"

"वर वेळच वेळ आहे." ते आवाज खाली आणतात. "आणि पोट वरही साफ होत नाही."

मग घंटीची दोरी ओढतात. टिंग टिंग. "भट्टीतनं काढल्या काढल्या तोडू नका. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं नाही. शर्वीला सांग, ती कायम उडी मारते."

"काका, थांबा ना जरा."

"हा विनंती थांबा नाही," काका म्हणतात, आणि गाडी त्यांना घेऊन माझ्यातून निघून जाते.

मी उठून बसतो. ओट्यावर स्टीलचा ग्लास आहे. त्यावर कोरलंय, 'दि. ग. मोहिते'. हा तीन वर्षं माळ्यावरच्या ट्रंकेत होता. आत इसबगोल. मी ग्लास उलटा धरतो. काहीही पडत नाही.

"दुपारच्याला कुणाचं पोट अडलंय?" आई दारातून विचारते.

मी ते सगळं पिठात मळतो.

संध्याकाळी ओव्हनमधून पाव निघतात. भाजीच्या ताटलीशेजारी शर्वरीचा नेहमीचा चमचा ठेवलेला आहे. शर्वरीचा हात लगेच पुढे येतो.

"गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं नाही."

ती माझ्याकडे बघते, मग ग्लासाकडे. हात मागे घेते. अर्धा तास आम्ही दोघं पावाकडे बघत बसतो, स्टँडवर बसल्यासारखे.

मग ती तोडते. चुरा होत नाही. दोन तुकड्यांच्या मधे एक बारीक तार ताणली जाते, आणि सुटते.

"दादा," ती भरल्या तोंडाने म्हणते, "तो चमचा उचल इथून."