छतातला कान

कॅप्टनसाहेबांना सगळे वैमानिक ‘रेडिओ’ म्हणत, कारण विमान वर जाऊन स्थिरावलं की त्यांच्या तोंडाला कुलूप नसे. मेहुण्याचा घटस्फोट, स्वतःची गुडघेदुखी, मोठ्या साहेबांचा केसांचा टोप, सगळं शेजारच्या सहवैमानिकाच्या कानावर जाई. डोक्यावर छतात बसवलेला माइक हे सगळं टिपतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते रेकॉर्डिंग अपघात झाला तरच ऐकायचं, अशी जुनी रीत होती. “आपण मेल्यावर ऐकणार, मग लाजायचं कुणाला?” असं ते हसून म्हणत.

मग कंपनीने कामाचे गुण द्यायला दर उड्डाणाचं रेकॉर्डिंग ऐकायला सुरुवात केली. तेव्हाच एकदा रेडिओ बोलून गेले, “हल्ली रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.” चूक काय, तर खरं बोलले. त्यांना महिनाभर घरी बसवलं, गुण कापले, वर ताकीद दिली. झोप काही कुणी दिली नाही.

परत आल्यापासून ते कामापुरतंच बोलतात. सहवैमानिकाने “बरं आहे ना?” विचारलं, तर “उत्तम”. त्यांनी उलट विचारलं, तर त्याचंही “उत्तम”. डोळे मात्र दोघांचे तांबारलेले.

परवा सकाळी चहा देताना बायको म्हणाली, “अहो, रात्रभर कूस बदलत होतात. झोप लागत नाही का?”

रेडिओंनी आधी छताकडे पाहिलं. तिथे नुसता पंखा होता.

“उत्तम लागते,” ते म्हणाले.