रंगवायचा राहिलेला माणूस

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि घरी भितो. पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दुसरी कुणालाच माहीत नाही, अशा समजुतीत मी गेल्या येळवशीच्या सणापर्यंत अगदी सुखात होतो.

अंधाराचं आणि माझं पहिल्यापासून जमत नाही. धाराशिवात आम्ही राहतो त्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. नळाला पाणी संध्याकाळनंतर येतं, आणि टाकी भरली का ते वर जाऊन बघावं लागतं. जिन्यातला दिवा कधीचा गेलेला. एवढा बाप्या माणूस, बायकोला काय सांगणार की मला जिन्यात भ्या वाटतंय म्हणून? मग मी पोरीला हाक मारायचो, "चल गं, तुला चांदण्या दाखवतो." ती पुढं, मी मागं. पहिलीत जाईपर्यंत तिला मृग, कृत्तिका, सप्तर्षी बोटावर सांगता यायला लागले. शेजारच्या काकू तर सगळ्यांना सांगायच्या, सर पोरीला किती वेळ देतात बघा. मीही मान खाली घालून विनयानं हसायचो.

तर डिसेंबरातल्या एका रविवारी मी पोरीला मोबाईलवर एक कार्टून सिनेमा लावून दिला. वरच्या चित्रात कंदील होते, मिठाई होती, बर्फ पडत होता. मला वाटलं, नाताळाचं काहीतरी असेल. निघालं भलतंच. भुतांचं एक गाव, त्या गावचा वर्षाचा सण, तोही अमावस्येच्या रात्री, आणि चुकीच्या स्टॉपवर उतरल्यामुळं त्या गावात सापडलेला एक बिचारा जिवंत माणूस. सांगाडे कंदील लावतायत, बिनमुंडक्याचा पाहुणा स्वतःचं मुंडकं ताटाशेजारी ठेवून जेवतोय. पोरीनं सिनेमा शेवटपर्यंत बघितला. मला मधेच दोनदा तहान लागली आणि दोन्ही वेळा स्वयंपाकघरात बराच वेळ पाणी प्यावं लागलं.

सिनेमा संपल्यावर पोरीनं मोबाईल उलटा ठेवला. मग म्हणाली, "मम्मी, आपल्यात अमावस्या कधी असती?"

बायको तीळ निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "पुढच्या आठवड्यात हाय की. येळवस."

इथं बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. बाकीचे लोक अमावस्या आली की लांबच्या प्रवासाला निघत नाहीत, नवीन काम काढत नाहीत. आमच्या भागात मात्र मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजेच येळवस, हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. घरांना कुलपं लागतात, बाजार बंद पडतो आणि सगळं खानदान शेतात जेवायला जातं. ज्वारीच्या कडब्याची छोटी कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पाच दगड चुन्यानं पांढरे करून, त्यांना तांबड्या कावेनं रंगवून पांडव म्हणून पुजायचे, मग पंगत. भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. दिवस मावळताना घरातल्या एकानं कडब्याची पेटती पेंडी घेऊन पिकाभोवती फेरी मारायची, की झाली येळवस.

"मी न्हाय येणार," पोरगी म्हणाली. "अमावस्येला शेतात भुतं असतात."

आम्ही आधी हसलो. दोन दिवस गेले तरी तिचं तेच. तेव्हा मात्र माझं हसू मावळलं, कारण तिकडं बेंबळीच्या बाजूला आमच्या शेतात आबा, म्हणजे माझे वडील, या पोरीच्या वाटेकडं डोळे लावून बसले होते. मागच्या वर्षी तिला कांजिण्या आल्या म्हणून आमचं जाणं झालं नव्हतं. त्या दिवशी आबांनी तिच्या नावाचं पान वाढून कोपीपाशी ठेवलं आणि स्वतः नुसती आंबील पिऊन पंगतीतून उठले. हे मला बहिणीनं नंतर सांगितलं. आबा असलं काही बोलत नाहीत. यंदा त्यांनी मोठ्या कोपीच्या शेजारी एक छोटी कोप खास नातीसाठी बांधली होती. आता परत ती आली नाही तर त्यांना काय तोंड दाखवायचं, हे मला कळेना. आणि ही आग लावली होती मी.

त्यात आबांचा फोन आला. आबा फोनवर शेतात हाक मारल्यासारखं बोलतात, त्यामुळं ते काय बोलतात ते घरात सगळ्यांनाच ऐकू येतं. म्हणाले, "तिला म्हणावं, कोपीचं दार उगवतीला ठिवलंय. बसता येतंय तेवढं केलंय. आन दुसरं आईक. थोरल्याचा पाय मुरगळलाय. यंदा पेंडी तुलाच फिरवायचीय."

थोरला म्हणजे माझा भाऊ. दरवर्षी तोच फेरी मारायचा आणि मी पंगतीच्या जागेवरून त्याला उत्तम मार्गदर्शन करायचो. आमचं शेत चांगलं लांबरुंद आहे, पलीकडच्या बांधाला जुनी विहीर आहे, आणि विहिरीवर एक बाभळ आहे, जिच्याबद्दल गावात बरंच बोललं जातं.

"फिरवतो की," मी म्हणालो. आवाज जरा बारीक निघाला असावा. पोरगी शेजारीच बसून शेंगा फोडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत शेंगा फोडायला लागली.

तर आधी पोरीची भीती घालवायची होती. आणि मी पडलो चित्रकलेचा मास्तर. डोक्यात आलं, ज्याची भीती वाटते ते रंगवायला द्यावं. रंगवता रंगवता भीती पळते. हे मी कुठं वाचलं होतं की मीच शोधून काढलं, ते आता आठवत नाही. त्या वेळी मात्र मीच शोधून काढलंय असं वाटत होतं. इंटरनेटवर शोधलं तर त्याच सिनेमातल्या भुतांची रंगवायची पानं निघाली, नुसत्या रेघा, आत कोरी जागा. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढल्या. दुकानदारानं एकेक पान उलटून बघितलं आणि आदरानं विचारलं, "सर, हे यंदा परीक्षेला हाय का?"

पोरीनं पानांना हातसुद्धा लावला नाही. मग मी म्हटलं, बघ मी कसा रंगवतो. आणि इथं माझ्यातला कलावंत जागा झाला. वर्षभर पोरांच्या वह्यांत तीच झोपडी, तोच डोंगर आणि तोच सूर्य तपासून मी कावलेलो असतो. सांगाडा समोर आल्यावर मी एकेका बरगडीला छाया दिली, डोळ्यांच्या खोबणीत अंधार भरला, दातांवर उजेड आणला. काय उतरला होता तो सांगाडा, मीच बघत राहिलो. पोरगी लांबूनच म्हणाली, "पप्पा, ते आता खरं दिसायला लागलंय." आणि स्वयंपाकघरात पळाली. दिवाणखान्यात मी आणि सांगाडा दोघंच उरलो, तेव्हा मीही तिच्या मागं गेलो.

बायको म्हणाली, "तुमची कला जरा कमी करा."

मग नाइलाजानं मला ती दुसरी युक्ती सुचली, जिचा पुढं माझ्या आब्रूशी थेट संबंध आला. एक मोठं पान होतं, भुतांच्या पंगतीचं. मी पोरीला जवळ बसवलं आणि म्हटलं, अगं, ही परकी थोडीच आहेत? ही आपलीच माणसं. ही मोठा डाव घेऊन वाढणारी गोल भुतीण आहे ना, ही तुझी आत्या. हा मुंडकं हातात घेऊन बसलाय तो काका. बघ, त्यालाही काही सापडत नसतं. आणि हा डोक्याला पट्ट्या गुंडाळलेला म्हातारा सांगाडा, हे आबा, फेटा बांधलेले.

पोरगी हळूच हसली. खडू हातात घेतला. आत्याला तिनं हिरवं लुगडं नेसवलं, आबांच्या पट्ट्या गुलाबी केल्या. मधेच तिनं विचारलं, "आन तुम्ही कोणतं?"

"मी कशाला असीन?" मी म्हणालो. "मी चित्रकार. चित्रकार चित्रात नसतो."

तिला ते पटलेलं दिसलं नाही, पण तिनं दुसरा खडू उचलला. येळवशीच्या आदल्या दिवशी स्वतःच म्हणाली, "मी येते शेतात." मी बायकोकडं असं काही बघितलं की बस्स. शिक्षकांच्या पुढच्या प्रशिक्षणात उभं राहून 'भीतीकडून नात्याकडं' या विषयावर बोलायचं मी मनात ठरवूनही टाकलं. पहिली दोन वाक्यं तयार होती.

येळवशीला पोरगी गाडीतून उतरली ती थेट छोट्या कोपीत जाऊन बसली. आबा बाहेर उकिडवे बसून नुसते बघत होते. दार पुरतंय का, कडबा टोचत नाही ना, एवढंच विचारत होते, पण त्यांचं तोंड असं फुललेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. त्यात माझंही श्रेय आहे, असंही वाटलं.

पूजा झाली, पंगत बसली. मी भज्जीत उंडा कुस्करत होतो तेवढ्यात पोरीनं पिशवीतून ते पान काढलं आणि पंगतीच्या मधोमध उभी राहिली. हे ती बरोबर आणेल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आत्या, ही तू हैस," ती म्हणाली. "पप्पांनी सांगितलं."

बहिणीनं डाव खाली ठेवला, पान हातात घेतलं, आणि त्या गोल भुतिणीकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. "व्हय का? आन हिच्या तोंडातनं जाळ निघलालाय, त्यो बी माझाच का?"

"हा काका. ह्याचं डोकं ठिकाणावर नसतंय."

"असं न्हाय म्हणालो मी," मी म्हणालो, पण भाऊ मुरगळलेला पाय पुढं सारत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. कळलं."

आबांनी चष्मा लावून बराच वेळ स्वतःचा सांगाडा न्याहाळला. त्यांच्या तोंडात आता एकही दात नाही. शेवटी म्हणाले, "दात लई झ्याक काढलेत माझे."

सगळे हसले आणि मला वाटलं, सुटलो. पण बहीण इतक्यात सोडणारी नव्हती. "आन तुझा बाप कुठंय गं ह्याच्यात?"

पोरीचं बोट पंगतीवरून सरकत सरकत पानाच्या कोपऱ्यात गेलं. तिथं एका टेबलाखाली तो चुकीच्या स्टॉपवर उतरलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन लपला होता. साऱ्या पानावर रंगांची नुसती उधळण, आणि तो तेवढा कोरा.

"ह्याला रंगवायचं ऱ्हायलं की," आत्या म्हणाली.

"ऱ्हायलं न्हाय. भ्यालं की माणूस पांढरा पडतो."

मी ताटातल्या भज्जीकडं बघत होतो. भज्जी चांगली झाली होती.

"पप्पांना पेंडी घेऊन फिरायचंय ना," पोरगी आबांना समजावून सांगत होती, "म्हणून आले मी. विहिरीकडं एकटे कसे जातील? टाकीवर बी मीच असते त्यांच्यासंगं."

मी बायकोकडं बघितलं. ती मुकाट्यानं आंबील ओतत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य नव्हतं. तिलाही माहीत होतं तर. कदाचित शेजारच्या काकूंनाही.

आबांनी पोरीला जवळ ओढलं. "आन तुला भ्या वाटत न्हाय व्हय?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "लई."

माझ्या त्या पानांनी, नात्यागोत्यांनी, रंगांच्या खडूंनी तिची भीती तसूभरही कमी झालेली नव्हती. ती तशीच्या तशी भीत होती आणि तरी आली होती. प्रशिक्षणातलं माझं भाषण तिथंच संपलं. लाज वाटली, आणि पोरीचा अभिमानही वाटला.

दिवस मावळला. भावानं पेंडी पेटवून माझ्या हातात दिली आणि या वेळी पंगतीच्या जागेवरून मार्गदर्शन त्यानं केलं. पोरीनं माझा दुसरा हात धरला. आम्ही ज्वारीच्या कडेनं निघालो. मागची माणसं, त्यांचे आवाज हळूहळू कमी होत गेले. विहिरीच्या बांधाला पोचेपर्यंत पेंडी निम्मी जळून गेली होती, आणि बाभळीत काहीतरी खसखसलं. तिचा हात थंडगार पडला होता. माझाही पडला असणार, कारण तिनं तो आणखी घट्ट धरला. मग ती एक पाऊल पुढं झाली.

"पप्पा, वर बघा," ती म्हणाली. आवाज थोडा कापत होता. "चला, तुम्हाला चांदण्या दाखवते."

मी वर बघितलं. कृत्तिका कुठं, मृग कुठं, ती एकेक बोट करून दाखवत होती, आणि मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा हूं हूं करत तिच्या मागं मागं चालत राहिलो.