चंद्रावर वारा नसतो

रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा वास आला की माझं तोंड अजून कडू होतं. परवा माळा झाडताना असाच एक गंजका डबा हाती लागला, आणि मी पुन्हा तेरा वर्षांची होऊन मिठबावच्या आमच्या खळ्यात उभी राहिले.

गावात तेव्हा एकच रेडिओ. त्यावर चंद्राकडे निघालेल्या यानाचं नभोनाट्य लागायचं; गोष्टीत यान भरकटलं आणि नाटक मध्येच बंद झालं. मग पुढचे भाग मीच वहीत लिहायचे आणि डब्यात तोंड घालून, आवाज घुमवत वाचायचे. शेजारची आनंदीकाकी तांदूळ निवडता निवडता ऐकायची. तिचा नवरा मंगळुराहून कौलं घेऊन निघालेल्या गलबतावर होता. दोन महिने पत्ता नव्हता. पण 'बुडालं' हा शब्द गावात कोणी उच्चारत नसे. विचारलं तर म्हणायचे, "वाऱ्याक रवलेत." म्हणजे वारा मिळेपर्यंत कुठल्या तरी बंदरात थांबलेत.

त्या दुपारी मी शेवटचा भाग वाचला. यानातली हवा संपली, सगळे मेले. मला तो शेवट फार भारी वाटला होता.

काकी उठून जवळ आली. "मेले म्हणा नको गो. वाऱ्याक रवलेत म्हण."

"चंद्रार वारो नसता, काकी," मी ऐटीत म्हटलं.

 ती सूप उचलून घरात गेली आणि भरदुपारी तिने दार लावून घेतलं.

गलबत आलं नाही. माझं वाक्य शास्त्राला धरून होतं. पण वही पेन्सिलीने लिहिलेली होती. एक ओळ खोडायला मला काही लागलं नसतं.