रिकाम्या गावातली तपासणी

आधी चहा ओता, मग सांगते. हे मी घरातसुद्धा कधी धड सांगितलेलं नाही. माझे वडील भिंगारच्या चर्चमध्ये उपदेश करायचे, त्यांना तर शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आता मला रागावणारं कुणी उरलं नाही, म्हणून तोंड उघडते. हसा हवं तेवढं, पण बाहेर बोलू नका.

लढाईचे दिवस होते. मी भिंगारच्या शाळेत मास्तरीण होते. वय कोवळं, पण तोरा हेडमास्तरांना लाजवेल असा. भिंगार पडलं छावणीचं गाव. आमच्याकडे उठणं, जेवणं, झोपणं सगळं बिगुलावर. त्यामुळे वेळ, शिस्त आणि नखं या तीन गोष्टींवर माझा भारी डोळा. भीती वाटली की मी चिडते, हा स्वभावही तेव्हापासूनचाच. तो लक्षात ठेवा, सगळा घोटाळा त्यानेच केला.

त्या साली खेड्यापाड्यांतल्या शाळांना 'शाळासप्ताह' करायला सांगितलं होतं. आठवडाभर पोरांनी सफाई करायची, टकळीवर सूत काढायचं, मातीकाम, बागकाम, लेझीम, पाढे, कविता, आणि शनिवारी परीक्षक येऊन सगळं बघणार. मला परीक्षक म्हणून एक गाव मिळालं, तिसगावपासून दोन कोसांवरचं. नाव विचारू नका, तिथे मला अजून ओळखतात.

त्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर तिसगावला चालत जा, मध्ये ओढा, माळ. कोण पाठवणार लेकरांना? चौथी झाली की पोरगा गुरांमागे आणि पोरगी चुलीपुढे. सप्ताह चांगला झाला आणि पोरं सगळी हजर दिसली, तर पाचवीचा वर्ग मिळणार होता. म्हणजे गावाच्या पोरांचं पुढचं शिक्षण माझ्या एका शेऱ्यावर. आता मला सांगा, असलं काही माझ्यासारखीच्या हातात द्यावं का?

तपासणी शनिवारची होती. मी गेले शुक्रवारी. का? तर शाळा बेसावध पकडायची.

तिसगावहून एक छकडा मिळाला. ओढा आला आणि गाडीवानाने बैल थांबवले.

"उतरा बाई. मी पल्याड येत न्हाई."

"का? गाव तर समोर दिसतंय."

"आज कुनी जात न्हाई गावात. तुमी बी जाऊ नका. आज तिचा दिस हाय."

"कुणाचा?"

त्याने कानाला हात लावले, छकडा वळवला आणि निघून गेला. मला वाटलं, बायकोचं काही कार्य असेल घरी, म्हणून चुकवतोय. कामचुकार मेला, असं म्हणून मी पाण्यात पाय घातला. दगडावर शेवाळ होतं. पुढचं काय सांगू, डोक्यापासून पायापर्यंत आंघोळ झाली. अंबाडा सुटला, पातळ चिखलात लडबडलं, आणि चष्मा ओढ्याने ठेवून घेतला तो कायमचाच. चष्म्याशिवाय मला चार हातांपलीकडचं सगळं धुक्यात दिसतं.

अशी मी वेशीतून आत शिरले.

दुपारची वेळ. ऊन स्वच्छ पडलेलं. आणि गावात आवाज नाही. म्हणजे मुळीच नाही. कुत्रं भुंकत नव्हतं, कोंबडी ओरडत नव्हती, कुठे जातं नाही, कुठे बाईचं भांडण नाही. घरांची दारं सताड उघडी. कुलूप सोडा, कडीसुद्धा नाही. प्रत्येक उंबऱ्यापुढे सडा, ताजी रांगोळी, आणि वाकून बघितलं तर रांगोळीवर एकही पाऊल उमटलेलं नाही.

"कुणी आहे का घरात?" मी हाक मारली. माझाच आवाज पुढच्या बोळातून परत आला.

एका घरात डोकावले. चूल सारवलेली, गार. पाट मांडलेला, तांब्यात पाणी भरून ठेवलेलं. आत कोपऱ्यात पाळणा हलत होता. वारा असणार, हे मला कळत होतं हो. पण पाळणा रिकामा होता आणि हलत होता, आणि मी त्या घरातून उलट्या पावलांनी बाहेर आले.

प्लेगात गावं ओस पडायची ते ऐकून होते. पण ओस गावात सडा-रांगोळी कोण घालतं? पाहुणी येणार असल्यासारखं गाव नटवून माणसं गेली होती. कोण पाहुणी, ते मात्र कळेना.

शाळा चावडीत भरत असे. तिथे गेले, तर आत ओळीने पाट्या मांडलेल्या. प्रत्येक पाटीमागे बसायचं तरटाचं आसन, प्रत्येक पाटीवर मातीचा एकेक बैल, आणि सगळ्या बैलांची तोंडं दाराकडे, म्हणजे माझ्याकडे. वर तुळईला पोरांच्या टकळ्या टांगलेल्या. मी पाऊल टाकलं आणि त्या सगळ्या मिळून हळूहळू फिरायला लागल्या. फळ्याजवळ जाऊन वाचलं. वर सुंदर अक्षरात आजचा वार, आणि खाली दोनच शब्द. सर्व हजर.

आणि नेमके तेव्हाच पाढे सुरू झाले.

बारीक, लांबून आल्यासारखे. पुष्कळ पोरांचे आवाज एका सुरात. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. समोर रिकामी आसनं, आणि बाराचा पाढा चाललाय. मी बाहेर पळाले, तर आवाज बंद. आत आले, पुन्हा सुरू. मी येत होतं नव्हतं ते स्तोत्र पुटपुटले. बायबलातलं तेविसावं म्हणायला घेतलं आणि मध्येच बाराच्या पाढ्यात शिरले.

आणि मग मी चिडले. सांगितलं ना, भ्याले की चिडते. परीक्षकाची थट्टा चालवलीय काय? पोरांना कुठेतरी लपवून मला भिववताय? थांबा, मी इथून हलत नाही, बघतेच.

चावडीच्या कट्ट्यावर काहीतरी मांडलेलं दिसलं. जवळ गेले. केळीच्या पानावर पुरणपोळी, दहीभात, वड्या. शेजारी नवंकोरं हिरवं लुगडं, खण, बांगड्यांचा चुडा, हळदीकुंकवाच्या वाट्या. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रदर्शनातला मुलींचा विभाग! एकीकडे स्वयंपाक, एकीकडे शिवण. आत मुलांचं मातीकाम, बाहेर मुलींचं हे. किती नीटनेटकी मांडणी, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. कुणाला ते विचारू नका.

आता परीक्षकाने चव घेतल्याशिवाय गुण कसे द्यायचे? एक घास घेतला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पुरण उत्तम. भातात मीठ नव्हतं, तिथे मनात दोन गुण कापले. कापता कापता पान रिकामं झालं.

अंगावरचं ओलं पातळ आता हाडांत शिरत होतं. लुगड्याची वीण बघितली, पदर बघितला. वस्तू वापरून बघावी, म्हणजे टिकाऊपणा कळतो. आत जाऊन लुगडं नेसले, ओलं पातळ खिडकीवर टाकलं आणि केस मोकळे सोडून कट्ट्यावर वाळवत बसले. बांगड्या हातात गेल्या नाहीत, नाहीतर त्याही घातल्या असत्या. वाटीत बोट घालून कुंकवाची पूड किती बारीक आहे तेही पाहिलं, आणि त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला. आमच्या घरात कुणी कधी कुंकू लावलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या कपाळी मळवट भरला होता आणि त्याचा पत्ताही नव्हता.

पोट भरलेलं, ऊन उबदार. डोळा कधी लागला ते कळलं नाही.

जाग आली ती हलगीच्या आवाजाने. दिवस कलला होता. वेशीतून काहीतरी काळंकाळं, गर्दीसारखं आत येत होतं. माणसं असावीत, पण मला कुणाचंच तोंड दिसत नव्हतं, नुसते आकार. आणि इतकी गर्दी असून कुणी बोलत नव्हतं. हलगी जवळ आली आणि एकदम थांबली. आकारही थांबले. मग ते सगळेच्या सगळे जमिनीला टेकले.

ही माणसं नाहीत, मी मनात म्हटलं. ही तीच, जी या गावात पूर्वी राहत होती. आणि भ्याले तशी चिडले.

"आलात का शेवटी? कुठे होतात दिवसभर?"

पुढचा एक आकार थरथरत बोलला, "भाईर हुतो, माय. तूच सांगितल्यालं न्हवं का."

"मी? मी कधी सांगितलं?"

"आमच्या पणज्याला."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण माघार घेईल ती मी कसली.

"ते राहू दे. पोरं कुठायत? सगळी पोरं आत्ताच्या आत्ता माझ्यापुढे आणा. एकही कमी चालणार नाही."

गर्दीतून बायकांचा असा आकांत उठला की माझंच काळीज हललं. पोरांची रडारड सुरू झाली. एक म्हातारी सरपटत पुढे आली. ही ठकूआजी, हे नंतर कळलं.

"माय, रागावू नगं. कोंबडं घे. काळं कोंबडं देते. पर लेकरं ऱ्हाऊ दे आमची."

बघा आता. परीक्षकाला लाच? आणि ती उघडउघड, सगळ्या गावासमोर?

"कोंबडं नको मला. पोरंच पाहिजेत. सगळी. आणि नीट ओळीत."

मागून एक चाचरता आवाज आला, "ओळीत?"

"ओळीत. उंचीप्रमाणे. मला नखं बघायचीत."

तो आवाज चार पावलं पुढे आला. धोतर, डोक्यावर टोपी, एवढं मला दिसायला लागलं. त्याने हात जोडले, घसा साफ केला आणि म्हणाला, "आपण... भिंगारच्या बाई का?"

तेच शाळेचे गणपत मास्तर. त्यांनी मग हळूहळू सगळं सांगितलं. फार पूर्वी महामारी आली, तेव्हा गावाने देवीला नवस बोललेला. वर्षातून एक दिवस गाव तिला मोकळं करून द्यायचं. दारं उघडी ठेवायची, गुराकुत्र्यासकट सगळ्यांनी ओढ्यापल्याडच्या आंबराईत जायचं. ती येते, घरोघर फिरते, चावडीवर जेवते, आहेर घेते आणि जाते. सप्ताहातला दिवस बुडू नये म्हणून मास्तरांनी पोरं पहाटेच चावडीत गोळा केली, हजेरी फळ्यावर मांडली आणि शाळा आंबराईत नेली. वारा तिकडून आला की पाढे गावात ऐकू यायचे.

मी कपाळाला हात लावला. हात लाल झाला तेव्हा कपाळावर काय आहे ते कळलं.

पण हसायचं पुढे राहिलं. पाटील उभे राहिले, आणि ते हसत नव्हते. "मास्तर, तुमच्या शाळंपायी देवी उपाशी ऱ्हायली. काय व्हायचं आसंल ते व्हईल. पर उद्यापास्नं चावडीत शाळा न्हाई."

गणपत मास्तर खाली बसले आणि एक पाटी उचलून उगाच पुसायला लागले. आठवडाभर राबलेला माणूस तो. पाचवी मागायला निघाला होता, आणि माझ्यामुळे चौथीही चालली होती. दिवसभरात मला शंभरदा भीती वाटली होती, पण खरी वाटली ती आत्ता. आणि या वेळी मी चिडले नाही. देवीच्या लुगड्यातच पाटलांच्या पायाशी वाकले.

"पाटील, चूक माझी आहे. मास्तरांनी शनिवारी बोलावलं होतं, मी आगाऊपणा करून आज आले. शिक्षा मला करा. शाळेला करू नका."

देवीच्या पोशाखातली बाई पायाशी वाकलेली बघून पाटीलच घाबरले. "उठा, उठा," म्हणत मागे सरले. मग म्हाताऱ्या माणसांचं कुजबुजून बोलणं झालं आणि ठरलं. उद्या पुन्हा गाव मोकळं करायचं, पुन्हा नैवेद्य, नवा आहेर, आणि शाळा होती तशी चालू.

"आन तुमी, बाई?" पाटलांनी विचारलं.

"मी तुमच्या आधी वेशीबाहेर असेन," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आंबराईत तपासणी झाली. गणपत मास्तरांच्या बायकोच्या जुन्या पातळात मी बसले होते. पोरं सगळी हजर, फक्त प्रत्येकाच्या मागे त्याची आई दंड घट्ट धरून उभी. पाढे खणखणीत, सूत बारीक, नखं स्वच्छ. मी पाचवीची शिफारस केली आणि जूनमध्ये वर्ग सुरूही झाला. एवढं एक चांगलं झालं म्हणून तुमच्यापुढे बोलायला तोंड आहे.

निघताना ठकूआजीच्या पाया पडले. म्हटलं, "आजी, मनात राग ठेवू नका."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "राग न्हाई गं लेकी. पर आमची देवीच बरी. ती जेवती आन जाती. तू जेवलीस बी, आन वरून पाढे बी इचारलेस."