तिसरी अट

अख्ख्या सूर्यमालेत आमच्या साडूभाऊंइतका नियमाचा पक्का माणूस सापडायचा नाही, आणि त्यांच्याच नियमाने मी त्यांना भरल्या घरात दुखावलं. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उधन्याच्या एका मिलच्या गेटवर टाइमकीपर, आणि डिंडोलीत सासऱ्यांच्याच घरी राहायला. प्लूटोला ग्रहांतून काढलं तेव्हा लोक हळहळले. यांनी गल्लीत पेढे वाटावेत तसा गरमागरम लोचो खाऊ घातला. जगात कुणीतरी नियम पाळतंय याचा आनंद! तेव्हापासून ग्रहाच्या तीन अटी त्यांच्या जिभेवर. सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या वजनाने गोल व्हायला हवं, आणि आपली वाट आपण मोकळी करून घ्यायला हवी, तिथे बाकीची गर्दी चालणार नाही. प्लूटो तिसऱ्या अटीत नापास. म्हणून तो नुसता बटुग्रह. खिशात बायकोच्या टिकल्यांचं पाकीट ठेवायचे आणि नऊ ग्रहांचा तक्ता दिसला की प्लूटोवर टिकली चिकटवायचे. सलूनवाला कळवळून म्हणाला, "रेहवा दो ने काका, बिचारो नानो छे!"

"लहान आहे म्हणून नाही रे काढला, वाट मोकळी केली नाही म्हणून काढला. उद्या तू अर्धीच दाढी केलीस तर पैसे पूर्ण देऊ?"

दिवाळीत लाडूसुद्धा परीक्षेतून सुटत नसत. "हा स्वतःच्या वजनाने गोल नाही, हाताने वळलाय. बाद!" बाद झालेले सगळे लाडू ते स्वतःच संपवत.

सासऱ्यांच्या वाढदिवसाला सगळे जमलो होतो. म्हातारे अंथरुणाला खिळलेले. साडूभाऊंनी माझी ओळख करून दिली, "हे आमचे बँकवाले. ग्रह नव्हे, उपग्रह. बायकोभोवती फिरतात." सगळं घर खदखदून हसलं. मला ते झोंबलं.

मी म्हणालो, "मी उपग्रह, तर तुम्ही बटुग्रह! सासऱ्याच्या घरात राहणाऱ्याला स्वतःची वाट कुठली? तिसरी अट नापास."

हसू थांबलं. साडूभाऊंनी खरोखरच विचार केला. "बरोबर आहे," ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम." तेवढ्यात आतून हाक आली, "जावई, कोठे शे रे?" आणि ते सासऱ्यांना उठवून बसवायला आत गेले. जावई आम्ही दोघे होतो; पण हाक कुणाला, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. मी लाडू खात बसलो.

पुढच्या आठवड्यात मेहुणी रडत फोनवर म्हणाली, "नवागामला भाड्याची खोली बघताहेत. ऐकतच नाहीत."

मी सुटी टाकून त्या खोलीवर गेलो. साडूभाऊ एकटेच टेप घेऊन दाराची चौकट मोजत होते.

"बाबांची खाट जाईल का बघतोय," ते म्हणाले. "त्यांना मागे कसं ठेवणार? जरा ते टोक धरा."

टिकल्यांचं पाकीट खिशातून डोकावत होतं. वाढदिवसापासून त्यांनी कुठे टिकली लावली नव्हती, असं मेहुणी म्हणाली होती.

मी टोक धरलं नाही. त्यांचा हात धरला.

"साडूभाऊ, घरी चला. बाबांजवळची वाट आम्ही सगळ्यांनी सोडून दिली, तुम्ही एकट्याने धरून ठेवली. तुम्हाला नापास करणारा मी कोण? उपग्रह तरी न चुकता फेरी मारतो, मी तेवढंही केलं नाही. चुकलो. मला माफ करा."