दुसऱ्या चमच्याआधी

सिंधुताईचा आठवडा देवांनी वाटून घेतला होता. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार महाराजांचा, शनिवार मारुतीचा. उरल्या दिवशी शेजारची शालू सांगेल तो बाबा. नवरा बाबुलाल पस्तीस वर्षं प्लांटात क्रेनवर बसून रसरसतं लोखंड हलवणारा गडी. लकवा मारल्यापासून त्याला ना बोलता येई, ना धड गिळता. मग बाईनं दिसेल त्या देवळाची चौकट धरली. तिला नावं ठेवणारे सगळे काठावर कोरडे उभे होते.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं एकच गोष्ट बजावली होती. बसवून भरवायचं, नजर गळ्यावर ठेवायची, कंठाची घाटी वर जाऊन खाली आली की मगच दुसरा चमचा.

त्या मंगळवारी सिंधुताई निरंकार उपाशी होती. तोंडात जप, उशाशी मोबाइलवर देवीची लाइव्ह आरती. पेजेचा दुसरा चमचा तिनं आरतीकडे बघतच दिला. बाबुलाल ठसकला आणि निळा पडला.

चार दिवस दवाखान्यात काढून त्याला घरी आणलं. पेज छातीत उतरली होती. पुन्हा असं झालं तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. लेक दामिनी स्मृति नगरातून आली होती. तिनं आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"आई, तू कोनाले पाहून राहिली होती?"

"देवीले."

"मंग बाबाले कोन पाहत होतं?"

सिंधुताईच्या तेव्हा ध्यानात आलं. इतके देव धरले, आणि एकाही देवापुढं मन धड बसलं नव्हतं. याच्या पायाशी असताना त्याच्या रांगेची घाई.

सकाळी शालूनं दारातून हाक दिली. जुनवानीत बाबा आलेत, ऑटो थांबलाय, लवकर चल.

"तू जा वो. मले याईले चारायचं हाय."

"दहा मिनिटाचं तर काम. बाबाची नजर पडली तं..."

"माही पडू दे आधी."

तिनं मोबाइल बंद करून बाबुलालला उशीला टेकवून बसवलं. एक चमचा, एक रामाचं नाव. डोळे गळ्यावर. घाटी हलली. दुसरा. अर्धी वाटी संपायला तास गेला, पेज थंडगार झाली, ऑटो केव्हाच निघून गेला.

मग एका चमच्याला घाटी हललीच नाही. बाबुलाल तिच्याकडे बघत होता, डोळ्यांत पाणी. तिनं दुसरा चमचा पुढं केला नाही.

"गिळा," ती म्हणाली. "मी इथंच हावो."